ठराव आणि अंमल : मुंबईचे कायदेकौन्सिल, कार्यकारी मंडळ आणि अस्पृश्यांचा प्रश्न

एक

मागच्या वर्षी बी. ए.च्या वर्गात महाडच्या सत्याग्रहावर बोलत होतो. १९२३ साली मुंबई कायदेकौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारने त्यावर हुकूम काढला. पुढे महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. आणि १९२७ साली बाबासाहेबांनी सत्याग्रह केला, असा क्रम मी फळ्यावर मांडला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तीन-तीन कागद झाले होते, मग सत्याग्रह कशाला करावा लागला?"

मी म्हणालो, "सनातन्यांचा विरोध होता." वर्ग पुढे सरकला. पण घरी जाताना मला माझ्या उत्तराची लाज वाटत होती. सनातन्यांचा विरोध तर होताच. प्रश्न असा आहे की, ज्या सरकारने १८५७ चे बंड मोडून काढले, ज्याचा शेतसारा एका हप्त्यानेही चुकत नव्हता, त्या सरकारचा एक हुकूम महाडच्या तळ्याच्या काठापर्यंत का पोहोचला नाही? या प्रश्नाचे उत्तर धर्मात जसे आहे तसेच ते त्या काळच्या राज्यघटनेतही आहे. ठराव करणारी जागा एक होती, अंमल करणारी जागा दुसरी होती, आणि या दोन जागांमधले अंतर कुणी किती आणि कुणाच्या फायद्यासाठी कमी करायचे यावरच १८६१ पासूनचे सगळे राजकारण चालले होते. आपल्या चळवळीच्या इतिहासलेखनात या अंगाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. आपण सभा, परिषदा आणि सत्याग्रह यांचा इतिहास लिहिला. दप्तराचा इतिहास लिहिला नाही. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

दोन

१८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्याला कायदे करण्याचा अधिकार परत मिळाला आणि १८६२ साली नवे कौन्सिल भरले. पण हे कौन्सिल म्हणजे काय होते? गव्हर्नर आणि त्याचे कार्यकारी मंडळ हेच मूळ शरीर. कायदा करायच्या दिवसापुरते त्यात काही 'जादा सभासद' बसवायचे आणि त्यालाच कायदेकौन्सिल म्हणायचे. हे जादा सभासद गव्हर्नरच नेमणार. त्यातले निम्मे तरी सरकारी नोकरीबाहेरचे असावेत एवढीच अट. त्यांना प्रश्न विचारता येत नसे, अंदाजपत्रकावर बोलता येत नसे. म्हणजे कायदेकौन्सिल हे कार्यकारी मंडळावर लक्ष ठेवण्यासाठी जन्मलेच नव्हते. ते त्याच्या घराला काढलेली पडवी होते. त्या पडवीत जगन्नाथ शंकरशेटांसारखे धनिक आणि काही जहागीरदार बसले.

१८९२ साली प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्क मिळाला. मत देण्याचा नाही. नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ, व्यापारी मंडळे यांनी नावे सुचवायची आणि सरकारने ती मान्य करायची, अशी आडवळणाची निवडणूक आली. १९०१ साली जमीन महसुलाच्या दुरुस्ती विधेयकावर फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून गेले. कारण सरकारी मताधिक्यापुढे बोलून उपयोग नव्हता. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी प्रांतिक कौन्सिलांत बिनसरकारी सभासदांचे आधिक्य आले, ठराव मांडता येऊ लागले. पण ठराव म्हणजे शिफारस. ती मानणे न मानणे कार्यकारी मंडळाच्या मर्जीवर.

हा सगळा इतिहास पाठ्यपुस्तकात 'घटनात्मक विकास' या नावाखाली येतो. आपण त्याला एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. या पन्नास वर्षांत अस्पृश्य माणूस कुठे होता? तो या दोन्हींपैकी कोणत्याच दालनात नव्हता. तो अर्जात होता. गोपाळबाबा वलंगकरांनी सैन्यभरतीसाठी विनंतिपत्र तयार केले, ते सरकारच्या कार्यकारी बाजूला उद्देशून. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली दख्खनच्या महारांच्या वतीने सैन्य आणि पोलीस यांतील प्रवेशासाठी अर्ज केला, तो थेट भारतमंत्र्याला. ज्यांच्याजवळ मत नव्हते त्यांना कौन्सिलातल्या भाषणांचे कौतुक असण्याचे कारण नव्हते. साहेबाच्या सहीने भरती बंद झाली, तर साहेबाच्याच सहीने ती उघडेल, असा त्यांचा सरळ हिशोब होता. यावरून त्यांना 'राजनिष्ठ' म्हणून हिणवले गेले. पण ते राजनिष्ठ होते की व्यवहार जाणणारे होते? वलंगकरांना १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर सरकारने नेमले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसावे लागते म्हणून स्पृश्य सभासदांनी ओरड केली. स्थानिक स्वराज्याची ही पहिली चव. ज्या मंडळींना गव्हर्नरच्या शेजारी बसायचे होते, त्यांच्याच जातीच्या मंडळींना वलंगकर शेजारी नको होते.

तीन

१९१९ च्या कायद्याने पडवी आणि घर वेगळे झाले. कौन्सिलला स्वतःचा अध्यक्ष मिळाला. मुंबईत पहिले अध्यक्ष नारायण चंदावरकर. सभासदांची संख्या शंभरावर गेली आणि त्यातले ८६ निवडून आलेले होते. मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या. आणि राज्यकारभाराची दोन शकले करण्यात आली. त्यालाच द्विदल राज्यपद्धती म्हणतात. जमीन महसूल, पोलीस, न्याय, तुरुंग, पाटबंधारे, अर्थ ही राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. शिक्षण, आरोग्य, शेती, सहकार, अबकारी, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली. राखीव खात्याची रक्कम कौन्सिलने नाकारली तर ती आवश्यक आहे असा दाखला देऊन गव्हर्नर ती वसूल करू शकत असे. महसुलावर परिणाम करणारे विधेयक त्याच्या पूर्वसंमतीवाचून मांडता येत नसे. मंत्र्यांजवळ खाती होती, पण तिजोरीची किल्ली अर्थ सभासदाजवळ, म्हणजे पलीकडच्या बाजूला होती.

राष्ट्रीय पक्षाच्या मंडळींनी या पद्धतीवर जी टीका केली ती खरीच होती. पण तिच्यात एक गोष्ट सुटत होती. त्यांच्या दृष्टीने भांडण दोघांचे होते : परके कार्यकारी मंडळ आणि देशी कायदेकौन्सिल. आमच्या दृष्टीने ते तिघांचे होते. कारण सोपीव खात्यांचा मंत्री ज्या मतदारांना जबाबदार होता ते मतदार कोण? ग्रामीण मतदारसंघात सर्वसाधारणपणे ३२ रुपये आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात १६ रुपये साऱ्याची जमीन असलेला मनुष्य. महारवाड्यात, मांगवाड्यात, चांभारवाड्यात एवढा सारा भरणारे घर कुठून येणार?

म्हणूनच २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना सिडनेहॅम कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापकाने मताधिकाराची अट खाली आणण्याची आणि अस्पृश्यांना स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडून देण्याची मागणी केली. हातात पडले काय? मुंबईच्या कौन्सिलात एक जागा, तीही सरकारने नेमायची. 'मूकनायक'चे एके काळचे संपादक ज्ञानदेव घोलप या वाटेने कौन्सिलात गेले. पुढे एकीच्या दोन जागा झाल्या. १९२७ साली त्या दोन जागांवर डॉ. आंबेडकर आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांची नेमणूक झाली. १८ फेब्रुवारीला बाबासाहेबांनी शपथ घेतली. शंभरावर सभासदांत दोन, आणि दोघेही सरकारनियुक्त. ज्याने नेमले त्याच्यावरच टीका करायची, आणि ज्यांच्या मतांनी ठराव मंजूर व्हायचा ते आपल्या सावलीचा विटाळ मानणाऱ्यांच्या मतांवर निवडून आलेले. नियुक्त सभासदाचे हे दुखणे आजही ज्याने भोगले असेल त्यालाच कळेल.

चार

आता बोले यांच्या ठरावाकडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी कौन्सिलात ठराव मांडला. बोले भंडारी समाजातून आलेले, कामगारांत काम केलेले गृहस्थ. सार्वजनिक पैशाने बांधलेली व चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी त्यात शिफारस होती. ती मंजूर झाली. ११ सप्टेंबर १९२३ ला सरकारने तिच्यावर हुकूम काढला.

हा हुकूम नीट वाचण्यासारखा आहे. त्याचे दोन भाग आहेत. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागांबाबत खातेप्रमुखांना अंमल करण्याची आज्ञा आहे. नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या जागांबाबत मात्र कलेक्टरांनी त्या संस्थांना ही शिफारस स्वीकारण्याचा विचार करावा, असा सल्ला द्यायचा आहे. एका भागाचे क्रियापद आज्ञेचे आणि दुसऱ्याचे सल्ल्याचे. गावचे पाणी या दुसऱ्या भागात होते. महारवाड्याला तहान कलेक्टर कचेरीच्या नळाची लागत नव्हती, गावच्या तळ्याची लागत होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्थानिक स्वराज्य हे खाते सोपीव होते. म्हणजे त्या खात्याचा मंत्री देशी होता, लोकप्रतिनिधी होता. गोऱ्या सरकारने अडवले असे म्हणून इथे सुटता येत नाही. गव्हर्नरला धर्मात हात घालायचा नव्हता आणि मंत्र्याला मतदार दुखवायचा नव्हता. दोघांचे एकमत फक्त सल्ला देण्यावर झाले.

जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. पाण्यापर्यंत कुणी जाऊ शकले नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी पुन्हा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि बोर्डे अंमल करणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे. बोले यांना तीन वर्षांत कळून चुकले होते की, ज्या ठरावामागे पैशाचा चाप नाही तो ठराव कागदच राहतो. पण चाप ओढायचा कुणी? पुन्हा कार्यकारी बाजूनेच.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि त्यांच्या मागे हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. परतणाऱ्यांवर हल्ले झाले, तळे शुद्ध करून घेण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रहाची तयारी झाली, तोच तळे खाजगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल झाला आणि मनाई हुकूम आला. दावा वर वर चढत गेला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ठरावापासून पाण्याच्या हक्कापर्यंतचा हा प्रवास तेरा वर्षे सात महिन्यांचा आहे. आणि त्यानंतर पंधराच दिवसांनी, १ एप्रिल १९३७ ला, प्रांतातली द्विदल राज्यपद्धती संपुष्टात आली.

कौन्सिल, सचिवालय, कलेक्टर, नगरपालिका, न्यायालय. प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी बसलेला होता, आणि त्या प्रत्येकाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार होता. 'होय' म्हणण्याचा अधिकार मात्र सर्वांनी मिळूनच वापरायचा होता. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

पाच

बाबासाहेब कौन्सिलात गेले ते ही सगळी यंत्रणा ओळखूनच. मार्च १९२७ मध्ये, म्हणजे महाडच्या आठवडाभर आधी, शिक्षणाच्या मागणीवर बोलताना त्यांनी हिशोब मांडला : इलाख्यात शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च होतात आणि अबकारीतून सरकार दरडोई दोन रुपयांहून अधिक गोळा करते. दारूच्या रूपाने जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणाच्या रूपाने परत द्या, एवढीच त्यांची मागणी होती. दोन्ही खाती सोपीव होती. पण दोहोंमधला तोल बदलायचा तर राखीव बाजूच्या अर्थखात्याला हात लागत होता.

१९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक मंडळांच्या हाती दिल्या. सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणून त्याचे स्वागत झाले. १९२८ साली सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी याच कायद्यावर नेमके बोट ठेवले. ज्या मंडळात गावचे प्रतिष्ठित बसतात त्या मंडळाकडे शाळा देणे म्हणजे अस्पृश्यांच्या मुलाला व्हरांड्यात बसविण्याचा अधिकार कायद्याने देणे होय. सत्ता खाली गेली म्हणजे ती आपल्याकडे आली असे होत नाही. ती मध्येच कुणाच्या तरी चावडीवर थांबते.

आणि मग वतनाचे विधेयक. इथे मला थोडे घरचे सांगितले पाहिजे. माझे पणजोबा माणदेशातल्या एका गावचे येसकर होते. पणजोबांनी सांगितलेली हकिकत माझे आजोबा सांगत. अंमलदार गावात आला की घोड्याचे गवत, सरपण, टपाल, सांगावा सगळे येसकराकडे. तो आजारी असला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. रात्र नाही, दिवस नाही. मोबदल्यात हाडकी-हाडोळ्याचा एक तुकडा, जो भावकीत वाटून वाटून अंथरुणाएवढा उरलेला, आणि गावाने मर्जीने घातलेले बलुते. बलुत्यासाठी दारात उभे राहायचे म्हणून गावाशी भांडायचे नाही. आणि सरकारचा नोकर म्हणून सरकारशी भांडायचे नाही. एका माणसाच्या मानेवर दोन्ही जोखडे.

१९ मार्च १९२८ रोजी, म्हणजे महाडच्या परिषदेच्या वर्षदिनी, बाबासाहेबांनी १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक कौन्सिलात आणले. ३ ऑगस्टला त्यावर भाषण झाले. मोबदला निश्चित व्हावा, काम ठरावे आणि ज्याला वतन सोडायचे त्याला सोडता यावे, असा त्याचा मतितार्थ. जमीन महसूल हे राखीव खाते. महसूल खात्याला एवढ्या स्वस्तात राबणारे हात सोडायचे नव्हते. आणि निवडून आलेल्यांनाही गावगाड्याची घडी मोडायची नव्हती. २४ जुलै १९२९ ला बाबासाहेबांनी विधेयक मागे घेतले. कार्यकारी मंडळ आणि कायदेकौन्सिल यांचे एरवी पटत नसे असे आपण शिकवतो. महाराच्या वतनावर मात्र दोघांचे पटले. ही कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. तोवर पणजोबा गेले होते.

शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच एका हुकुमाने महारवतन नष्ट केले होते. १९०२ साली एका हुकुमाने निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखल्या होत्या. तिथे कौन्सिल नव्हते, मतदान नव्हते. मग आपण असे म्हणायचे का, की एका चांगल्या राजाचा हुकूम शंभर सभासदांच्या कौन्सिलपेक्षा बरा? मोह होतो. पण राजाच्या मर्जीने आलेले राजाबरोबर जाऊही शकते. मर्जीवर मिळते ते दान असते, हक्क नसतो. बाबासाहेबांनी हा मोह टाळला.

सहा

१९२८-२९ मधली त्यांची मांडणी मी पुन्हा पुन्हा वाचतो. सायमन कमिशनबरोबर काम करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीचे ते सभासद होते. सहकाऱ्यांच्या अहवालावर सही न करता त्यांनी १७ मे १९२९ रोजी स्वतंत्र अहवाल दिला. त्यात त्यांनी काय मागितले? द्विदल पद्धती रद्द करून प्रांतात संपूर्ण जबाबदार सरकार. प्रौढ मतदान. नियुक्त सभासदांची पद्धत बंद. १४० सभासदांचे कायदेमंडळ आणि त्यात संयुक्त मतदारसंघातून अस्पृश्यांना राखीव जागा. स्वतः नियुक्त सभासद असलेला माणूस नियुक्त जागाच नको म्हणत होता. गोऱ्या कार्यकारी मंडळाच्या आश्रयाला जाण्याची वाट त्यांनी नाकारली.

पण कार्यकारी सत्ता कायदेमंडळाला जबाबदार केली, आणि कायदेमंडळ कायमच्या जातीय बहुमताच्या ताब्यात असले, तर काय? हा प्रश्न राष्ट्रीय पक्षाने कधी विचारलाच नाही, कारण ते बहुमत त्याचेच होते. १९३० साली गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी ठेवलेल्या निवेदनात आठ अटी आहेत. कायदेमंडळातल्या जागांची अट त्यांतली एक. बाकीच्यांत नोकऱ्यांत भरतीची हमी आहे, बहिष्काराविरुद्ध शिक्षा आहे, अस्पृश्यांच्या प्रश्नासाठी वेगळे खाते आणि त्याला मंत्री आहे, आणि मंत्रिमंडळात अस्पृश्यांचा प्रतिनिधी घेण्याचा प्रयत्न करावा असे बंधन गव्हर्नरांच्या सूचनापत्रातच घालावे अशी मागणी आहे. म्हणजे कायदा करणारा हात आणि अंमल करणारा हात, दोन्हींत आपले बोट पाहिजे.

पुणे कराराचे असेच झाले. १४८ जागा सर्वांना पाठ आहेत. पण त्याच करारात सार्वजनिक नोकऱ्यांत योग्य प्रतिनिधित्वाचे आणि प्रत्येक प्रांताच्या शिक्षण अनुदानातून अस्पृश्यांसाठी पुरेशी रक्कम राखण्याचे कलम आहे, हे किती जणांना ठाऊक असते? जागा मोजल्या गेल्या, कलमे विसरली गेली. आपणही विसरलो.

सात

१९३७ साली मुंबईच्या १७५ सभासदांच्या विधानसभेत १५ राखीव जागा आल्या. स्वतंत्र मजूर पक्ष विरोधी बाकावर बसला. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणचे शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले. विधेयक पुढे सरकले नाही. आता गोरा गव्हर्नर आडवा नव्हता, बहुमत आडवे होते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. १९३४ च्या सरकारी ठरावात मुसलमान आणि इतर अल्पसंख्याकांसाठी नोकऱ्यांचे प्रमाण ठरले होते, अस्पृश्यांसाठी नव्हते. १९४३ साली मध्यवर्ती नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८⅓ टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला. परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. कौन्सिलात आणि विधानसभेत पंधरा वर्षे बोलून जे झाले नाही, ते कार्यकारी मंडळात बसून एका वर्षात झाले.

इथे प्रामाणिकपणे थांबले पाहिजे. हे कार्यकारी मंडळ कुणालाही जबाबदार नव्हते. देशातले हजारो लोक तेव्हा तुरुंगात होते. ज्या लोकशाहीची मागणी १९२९ च्या अहवालात होती तिच्याशी हे मंडळ जुळत नव्हते. आमच्या काही मित्रांना ही गोष्ट अवघड वाटते म्हणून ते ती टाळतात. विरोधकांना सोयीची वाटते म्हणून ते ती उगाळतात. मला वाटते, यातून एकच निष्कर्ष निघतो. अंमलाची जागा कुठे आहे हे बाबासाहेबांना कळले होते आणि ती जागा जबाबदार कशी करायची हा प्रश्न त्यांना शेवटपर्यंत छळत होता. १९४७ च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी ब्रिटिश धर्तीचे मंत्रिमंडळ नाकारले होते. पंतप्रधान सर्व सभागृहाने निवडावा आणि मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या सभासदांनी निवडावेत, अशी योजना दिली होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीपुढे मसुदा मांडताना त्यांनी संसदीय पद्धतीचे समर्थन केले, ते स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व आहे या कारणाने. या दोन मांडण्यांमध्ये जेमतेम दीड वर्ष आहे. हा विरोध नाही असे मी म्हणणार नाही. एका माणसाची मागणी आणि एका समितीची तडजोड यांतले ते अंतर आहे. ते झाकून न ठेवता विद्यार्थ्यांपुढे ठेवले पाहिजे.

आठ

हे सगळे मला आज का सांगावेसे वाटले? मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तिथल्या एका समितीवर मी सभासद आहे. 'मागास प्रवर्गाचा प्रतिनिधी' म्हणून मला घेतलेले आहे. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये, असा ठराव मी मांडला. तो एकमताने मंजूर झाला, टाळ्याही झाल्या. पुढच्या जूनमध्ये फीच्या खिडकीवर एक मुलगा माझ्यासमोर परत फिरला. कारकून म्हणाला, "सर, ठराव झालाय, पण आम्हाला तसं पत्र नाही आलं." ११ सप्टेंबर १९२३ चा हुकूम मला त्या खिडकीपाशी जसा कळला तसा ग्रंथालयात कळला नव्हता.

माझी आत्या राखीव जागेवरून गावची सरपंच झाली होती. पाच वर्षांत तिने पुष्कळ ठरावांवर सही केली. दप्तर मात्र उपसरपंचाच्या घरी असे. ती म्हणते, "सही माझी व्हती रं, शिक्का त्येंच्याकडं व्हता."

१९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या १९९५ च्या नियमांत जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समिती वर्षातून दोनदा तरी भरावी, असे लिहिलेले आहे. माझ्या कार्यकर्त्या मित्रांना मला विचारायचे आहे : आपल्या जिल्ह्यातली ही बैठक मागच्या वर्षी किती वेळा झाली? तिचे इतिवृत्त आपण मागितले का? आपण आमदार मोजतो, खासदार मोजतो, कुणाला मंत्रिपद मिळाले ते मोजतो. रिकाम्या राहिलेल्या राखीव जागांची यादी, खर्च न झालेल्या निधीचा ताळा, न निघालेले पत्र, हे मोजण्याचे काम कंटाळवाणे आहे. त्यावर कविता होत नाही, सभा गाजत नाही. पण आपला पराभव पुष्कळ वेळा तिथेच झालेला आहे.

मोर्चा नको असे मी म्हणत नाही. महाडला लोक चालून गेले नसते तर तो कागद अजूनही दप्तरात असता. पण महाडच्या आधी चार वर्षे कौन्सिलात ठराव होता आणि महाडच्या नंतर दहा वर्षे न्यायालयात दावा होता, आणि बाबासाहेब या तिन्ही ठिकाणी उभे होते, हेही आपण शिकवले पाहिजे.

त्या मुलीने फीच्या खिडकीवरच्या प्रकाराची माहिती अर्ज करून मागितली आहे. अर्ज तिने स्वतः लिहिला. माझ्याकडे फक्त शुद्धलेखन तपासायला आणला होता. तीस दिवसांची मुदत आहे. आम्ही दोघेही दिवस मोजतो आहोत.